पोटाला काय बाधते?

जेवल्यावर पोटाला गुबारा धरतो, ढाळ होते. मग घरात कोणी दुधाला दोष देते, कोणी वांग्याला. सुरतेकडे हिवाळ्यात ज्वारीचा पोंक, पापडी, हिरवा लसूण घातलेला उंधियू अशी चंगळ असते. त्यातले नेमके काय बाधले हे अंदाजाने कळत नाही. ते पारखून पाहावे लागते.

आधी आठवडाभर काय खाल्ले आणि काय त्रास झाला, हे वहीत लिहावे. मग संशय असलेला एकच पदार्थ दोन आठवडे पूर्ण सोडावा. बाकीचे जेवण नेहमीचेच ठेवावे, नाहीतर कशाने गुण आला ते समजणार नाही. त्रास कमी झाला, तर तो पदार्थ परत घ्यावा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. त्रास उलटला तरच दोष त्याचा. पुष्कळ जण ही परत घेण्याची पायरी गाळतात आणि जन्मभर विनाकारण पथ्य पाळतात.

दुधाचेच पाहू. दुधातली साखर पचवणारा रस बालपणानंतर अनेकांच्या आतड्यात कमी होतो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते व वायू धरतो. अशांनाही चहातले दूध किंवा वाटीभर दही बहुधा सोसते, कारण विरजणाने ती साखर घटते. सुमुल डेअरी १९५१ साली निघाली, दुधाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच झाले. पण सगळे दूध डेअरीत घालून मुलांना कोरा चहा देणे आम्हांला पटत नाही. मोठ्यांना दूध बाधते म्हणून मुलांचे तोडू नये.

पापडी, कांदा, लसूण यांचेही असेच आंबते. पापडी सोडून गुण आला, तर पुढे थोडी खाऊन आपले प्रमाण ठरवावे.

गव्हाची गोष्ट वेगळी. गव्हाने आतड्याला इजा होणारा सिलिॲक नावाचा रोग असतो. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी. आधी गहू सोडला तर रोग असूनही तपासणीत सापडत नाही. तपासणी झाल्यावर ज्वारीची भाकरी आहेच.

वजन घटणे, शौचातून रक्त, ताप, रात्री उठवणारी ढाळ असेल तर हा प्रयोग करू नये, दवाखाना गाठावा. लहान मुले, गरोदर बाया व मधुमेहाचे औषध घेणारे यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शेंगदाणे किंवा मासळी खाऊन ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या वा दम लागला असेल, तर तो पदार्थ घरी पुन्हा चाखूनही पाहू नये.