लोखंडाचा बाजार आणि 'मेटल'चा बँड : जोडीदार कसा निवडायचा, गाव सोडून बाहेर कधी पडायचं



कळंबोलीत 'मेटल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? स्टील मार्केट. एँगल, चॅनल, पत्र्याच्या कॉइल, ट्रेलरच्या रांगा आणि वजनकाट्यावरची चिठ्ठी. आजच्या लेखातला मेटल मात्र वेगळा आहे. हेवी मेटल, म्हणजे कर्कश गिटार, बंदुकीसारखे ड्रम आणि घशातून गुरगुरत गायचं ते संगीत. ऐकलं नसेल तरी चालेल. मलाही त्यातलं सगळं झेपत नाही, खरं सांगतो. पण या बँडवाल्यांचा धंदा बघितला तर आपल्या छोट्या कारखान्याशी, मसाल्याच्या युनिटशी इतका जुळतो की व्हिडिओत दहा मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय.

आपल्या बॅचमध्ये दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : "सर, दुसऱ्याला कामात घेतलं तर तो माझी पार्टी पळवेल का?" दुसरा : "पनवेल-कामोठ्यात माल खपतोय, मग बाहेर कशाला जायचं?" दोन्ही प्रश्नांत पैसा अडकलेला असतो, आणि बऱ्याचदा मैत्री किंवा भाऊबंदकीही.

उदाहरण मुंबईचंच घेऊ. डेमॉनिक रेझरेक्शन नावाचा बँड २००० साली मुंबईत साहिल मखीजा याने सुरू केला. तो गातो, गिटार वाजवतो, गाणीही बांधतो. त्या काळी मुंबईत अशा संगीताला जागा किती? धोबी तलावचं रंगभवन हे रॉकवाल्यांचं पंढरपूर होतं, पण शांतता क्षेत्राचे नियम लागल्यावर तिथला दणदणाट थांबला. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस आणि अशी दोन-चार ठिकाणं, कॉलेजचे फेस्टिव्हल, बस्स. ग्राहक मोजके. कंपन्या असली कॅसेट-सीडी काढायला तयार नव्हत्या. तेव्हा या माणसाने काय केलं? स्वतःचं लेबल काढलं, डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स. दुसऱ्या बँडचे अल्बमही काढले. म्हणजे ज्यांना आपण 'कॉम्पिटिटर' म्हणतो त्यांचाच माल आपल्या दुकानात ठेवला.

इथे जरा थांबा. बाजार लहान असतो तेव्हा स्पर्धक कमी असणं ही चांगली गोष्ट नसते. कळंबोलीत स्टीलची एकच पेढी असती तर पुण्या-नाशिकहून कोण कशाला आलं असतं? शेजारी शेजारी दुकानं आहेत, एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे मिळतं, म्हणून गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं. मेटलचंही तसंच. एकच बँड असेल तर कार्यक्रम होत नाही. चार बँड असतील तर संध्याकाळ भरते आणि चौघांचे चाहते चौघांना ऐकतात.

आता जोडीदाराकडे येऊ. या बँडमध्ये २००० पासून टिकलेला एकच माणूस म्हणजे साहिल. बाकीचे वादक बदलत गेले. कुणी नवीन गिटारवाला आला, कुणी ड्रमर गेला. प्रत्येक वेळी आवाज थोडा बदलला, कारण मेटलमध्ये ड्रमर बदलला की अख्ख्या गाण्याची चाल बदलते. तरीही बँड चालू राहिला. आपल्याकडे कारागीर सुटला की शटर खाली येतं. फरक कशात आहे? गाणी कशी बांधायची याची चौकट एका माणसाकडे होती आणि ती रेकॉर्ड केलेली होती. नवीन माणूस आला तर त्याला ऐकून शिकता येत होतं. तुमच्या लोणच्याचं प्रमाण, तुमच्या ग्रिलचं डिझाइन, पावडर कोटिंगचं तापमान हे फक्त कारागिराच्या डोक्यात असेल तर तो तुमचा नोकर नाही, तुम्ही त्याचे आहात. कडू वाटेल, पण असंच आहे.

साहिलने दुसरीही एक गोष्ट केली, आणि छोट्या उद्योजकाने शिकावी अशी हीच आहे. डेमॉनस्टीलर याच नावाने तो एकट्याचे अल्बमही काढतो. २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन' या अल्बमवर ड्रम वाजवले जॉर्ज कोलियास याने. हा 'नाइल' या अमेरिकी बँडचा ड्रमर, या क्षेत्रातला फार मोठा माणूस. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन'मध्ये तर एक सोडून अनेक देशांतले ड्रमर आणि बेसवादक पाहुणे म्हणून आले. आज हे कसं होतं? गाण्याचा कच्चा आराखडा फाइल करून पाठवायचा, समोरचा आपल्या स्टुडिओत ड्रम वाजवून फाइल परत पाठवतो, ठरलेलं मानधन मिळतं, काम संपलं. विमानाचं तिकीट नाही, भागीदारीपत्र नाही.

आपल्या भाषेत याला काय म्हणतात? जॉबवर्क. तळोज्यात ज्याच्याकडे सीएनसी आहे त्याच्याकडे पत्रा पाठवला, बेंड करून आणला, पैसे दिले. आणि लोक काय करतात? ज्याच्याकडे मशीन आहे त्याला थेट अर्धा भागीदार करून टाकतात. अहो, ड्रम वाजवायला बोलावलेल्या माणसाला घराच्या सातबाऱ्यावर चढवायचं का? जे काम मोजता येतं, ठरवता येतं, एकदा करून संपतं, ते जॉबवर्कवर द्या. जो माणूस रोज लागतो आणि ज्याच्याशिवाय निर्णयच होत नाही, त्याच्याशीच भागीदारीचं बोलणं काढा. तेही लगेच नाही.

लगेच का नाही, त्याचं उदाहरण दिल्लीचं आहे. ब्लडीवुड हा बँड २०१६ च्या सुमारास करण कटियार आणि जयंत भदुला यांनी यूट्यूबवर सुरू केला. करण आधी वकिली करायचा, ती सोडून यात उतरला. सुरुवातीला लोकप्रिय गाण्यांची मेटलमध्ये गंमत करायचे. २०१८ मध्ये 'आरी आरी' या गाण्यासाठी राऊल केर या रॅपरला त्यांनी पाहुणा म्हणून घेतलं. गाणं जमलं, माणूस जमला, मग तो कायमचा सभासद झाला. ढोल, भांगडा, हिंदी-पंजाबी आणि इंग्रजी रॅप हा जो त्यांचा ओळखीचा आवाज आहे, तो असा एकेक माणूस जोडत तयार झाला. आधी एक ऑर्डर एकत्र करून बघायची, हिशेब वेळेवर होतो का बघायचं, ग्राहकाने तक्रार केल्यावर कोण फोन उचलतं ते बघायचं, मग सही.

कागदाचं बोलतो. जॉबवर्कला माल पाठवताना डिलिव्हरी चलान करा. जीएसटी कायद्यात कच्चा माल जॉबवर्करकडून एक वर्षाच्या आत परत यायला हवा, मशिनरी असेल तर तीन वर्षं. डाय आणि मोल्ड तुमच्या मालकीचे आहेत हे लेखी असू द्या. संगीतात याच कलमावरून कज्जे होतात : चाल कुणाची, शब्द कुणाचे, रॉयल्टीत कुणाचा किती वाटा. पाहुण्याने मानधन घेऊन वाजवलं तर मानधन, चाल बांधण्यात हात असेल तर वाटा, हे काम सुरू होण्याआधी बोलायचं असतं. गाणं गाजल्यावर बोलायला बसलं की प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

आणि घरातली भागीदारी? त्यासाठी ब्राझीलला जावं लागेल. सेपुल्तुरा हा बँड १९८४ मध्ये बेलो होरिझोंते शहरात मॅक्स आणि इगोर कावालेरा या दोन सख्ख्या भावांनी सुरू केला. आधी तो अमेरिकी-युरोपी बँडसारखाच वाजायचा. मग जगभर दौरे झाले, आणि १९९६ च्या 'रूट्स' अल्बमसाठी त्यांनी ब्राझीलच्या शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्याबरोबर रेकॉर्डिंग केलं, कार्लिन्होस ब्राऊन या तालवादकाला घेतलं. अल्बम जगभर गाजला. बँडची मॅनेजर होती मॅक्सची बायको ग्लोरिया. बाकी तिघांना मॅनेजर बदलायचा होता, त्यात सख्खा भाऊही होता. १९९६ संपता संपता मॅक्सने बँड सोडला. धंदा बुडत असताना नव्हे, सगळ्यात जोरात असताना. पुढे दोघे भाऊ पुन्हा एकत्र वाजवू लागले, पण त्याला दहाएक वर्षं गेली.

मला यात ग्लोरिया बरोबर की बाकीचे, यात पडायचं नाही. मुद्दा एवढाच की मॅनेजरचं काम कुणाचं, ते किती वर्षांसाठी, आणि बदलायचं झालं तर कुणाच्या मताने, हे आधी ठरलेलं असतं तर भांडण मॅनेजरपुरतं राहिलं असतं. आपल्याकडे वहिनी हिशेब बघतात, धाकटा भाऊ वसुली बघतो, आणि कुणाचंच काम लिहिलेलं नसतं. भागीदारीपत्रात 'बाहेर पडायचं असेल तर' हे कलम टाका. लोकांना ते अशुभ वाटतं. लग्नातच घटस्फोटाचं कशाला बोलायचं, म्हणतात. धंदा लग्न नाही हो.

आता दौरा. डेमॉनिक रेझरेक्शनने २०१० मध्ये नॉर्वेत ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात त्यांना 'ग्लोबल मेटल' पुरस्कार मिळाला. 'द रिटर्न टू डार्कनेस' हा त्यांचा अल्बम आधी भारतात आला, मग इंग्लंडच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने बाहेर काढला. २०१४ मध्ये जर्मनीचा वाकेन महोत्सव झाला. ऐकायला भारी. पण अशा दौऱ्याचा हिशेब बघा : चार-पाच जणांचं विमान, व्हिसा, विमा, मुक्काम, गिटारचं वजन. स्टेजवर वेळ मिळतो अर्धा-पाऊण तास. नव्या बँडला मिळणाऱ्या मानधनात हे सगळं बसत नाही. टी-शर्ट विकून थोडं भरून निघतं.

मग जायचं कशाला? दोन गोष्टींसाठी. घरच्या प्रेक्षकांत अर्धे मित्र असतात, ते वाईट वाजवलं तरी टाळ्या देतात. परक्या मैदानावर तुम्हाला कुणी ओळखत नाही. दुसऱ्या गाण्याला लोक बिअर आणायला निघाले तर समजायचं. दुसरं म्हणजे तिथे वितरक, आयोजक, पत्रकार एका जागी भेटतात. आपलं प्रदर्शन अगदी तसंच.

समजा, तुम्ही मसाल्याचा स्टॉल लावला. भाडं १८,०००, प्रवास-मुक्काम ७,०००, नमुने आणि छपाई ५,०००. एकूण ३०,०००. तीन दिवसांत विक्री ४२,००० झाली आणि त्यात नफा ३५ टक्के धरला तर हाती १४,७००. म्हणजे १५,३०० चा तोटा. बहुतेक जण इथेच हिशेब बंद करतात आणि "प्रदर्शनात काही नसतं" म्हणत घरी येतात. पण तिथून तीन दुकानदार जोडले गेले, प्रत्येकी महिना २०,००० चा माल, नफा २० टक्के, तर महिन्याला १२,०००. तोटा सव्वा महिन्यात वसूल. आणि एकही दुकानदार जोडला नसेल तर तोटा खराच आहे, स्वतःला फसवू नका. म्हणून स्टॉलवर विक्रीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवा : कुणी चव घेऊन तोंड वाकडं केलं, कुणी पॅकेट उलटून तारीख बघितली, कुणी विचारलं "अर्धा किलोत नाही का?" सहा महिन्यांनी तुमचा माल या वहीमुळे बदललेला असेल.

मेटलचा आवाजही असाच बदलतो. डेमॉनिक रेझरेक्शनच्या सुरुवातीच्या तीन कामांची मालिका अंधार आणि सैतान या युरोपी कल्पनांवर होती. २०१७ मध्ये त्यांनी काढला 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी, त्यात सतार, तबला, बासरी. बाहेर फिरल्यामुळेच हे सुचलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण धंद्याच्या नजरेने बघितलं तर नॉर्वेच्या माणसाला नॉर्वेसारखं संगीत मुंबईहून मागवायची गरज काय? मॅक्सच्या 'रूट्स'मध्येही तेच आहे. यात एक धोकाही आहे. नुसती सतार चिकटवली म्हणून गाणं देशी होत नाही, जसं पाकिटावर नऊवारीतली आजी छापली म्हणून मसाला घरगुती होत नाही. आणि कल्पना पहिली असण्याची गरजही नाही. सिंगापूरचा रुद्र हा बँड नव्वदच्या दशकापासून वेद-उपनिषदांवर मेटल करतोय.

शेवटी पोटापाण्याचं, कारण नोकरी सोडू का हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. साहिलचा 'हेडबँगर्स किचन' नावाचा यूट्यूबवरचा स्वयंपाकाचा चॅनेल आहे. आधी मेटलवाल्यांच्या मुलाखती आणि खाणं, नंतर कीटो आहाराच्या पाककृती. त्याचा प्रेक्षक संगीतापेक्षा कितीतरी मोठा झाला. मेटल वाजवणारा माणूस पनीरच्या रेसिपी दाखवतो याचं काही जणांना हसू येतं. मला त्यात चालू धंद्याला दुसरा खांब लावणारा माणूस दिसतो. ब्लडीवुडच्या करणने उलट केलं, नोकरी सोडली. दोन्ही चालतं. फक्त तुमच्या घरचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, हे आधी कागदावर मांडा.

प्रदर्शनाला जायचं असेल तर उद्यम नोंदणी करून ठेवा. एमएसएमई मंत्रालयाच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेत स्टॉलभाड्याला मदत मिळते. सध्याचे निकष पोर्टलवर बघूनच अर्ज करा, एजंटला पैसे देऊ नका. दुकानदारांना उधारीवर माल देताना बिलावर उद्यम क्रमांक छापा. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो. पुढच्या व्हिडिओत जॉबवर्कचं चलान भरून दाखवणार आहे. तुमच्याकडचं एक कोरं चलान आणि जॉबवर्करचा जीएसटी क्रमांक जवळ घेऊन बसा.