फ्रेमवर्क कोणतं, हा दुसरा प्रश्न

‘मुलाला फ्लटर शिकवावं की रिॲक्ट नेटिव्ह?’ डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटीला असलेल्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. ही दोन्ही मोबाइल ॲप बनवण्याची तयार साधनं, म्हणजे फ्रेमवर्क्स. प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा, की मुलगा किंवा मुलगी कोणतं ॲप बनवणार आहे?

उदाहरण घ्या. मुंबईच्या लोकलच्या वेळा सांगणारं, सचिन टेके यांनी २०१० मध्ये आणलेलं एम-इंडिकेटर हे ॲप सुरुवातीला बटणांच्या जावा फोनवर चालायचं. ते फोन गेले, अँड्रॉइड आलं, ॲप मात्र टिकलं. पनवेलहून हार्बरने निघालेल्या माणसाला पुढची गाडी कधी आहे एवढंच हवं असतं, तेही नेटवर्क नसताना. ही गरज ज्याला कळली, त्याला तंत्र बदलता आलं. तंत्रं तर बदलतच राहतात. रिॲक्ट नेटिव्ह २०१५ मध्ये आलं, फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये, आणि अँड्रॉइडसाठी गूगलने कोटलिन या भाषेला पहिली पसंती दिली २०१९ मध्ये.

ॲप शोधायचं कुठे?

घराजवळच. पनवेलजवळच्या कोन फाट्याच्या आसपास आता मोठमोठ्या वसाहती झाल्या आहेत. समजा, त्यातल्या एखाद्या सोसायटीत पाण्याचे टँकर येतात, वॉचमन वहीत नोंद करतो आणि महिनाअखेरीला बिलावरून वाद होतो. ती वहीच फोनमध्ये आणायची : तारीख, वेळ, टँकरचा नंबर, लिटर आणि महिन्याची बेरीज.

काम किरकोळ दिसतं, पण फ्रेमवर्कचा गाभा यातच शिकून होतो. नोंद टाकताच बेरीज आपोआप बदलली पाहिजे, म्हणजे ‘स्टेट’ समजून घ्यावं लागतं. फोन बंद करून चालू केला तरी नोंदी राहिल्या पाहिजेत, तिथे एसक्यूलाइटसारखा डेटाबेस येतो. कुणी १०,००० ऐवजी १,००,००० लिटर टाकले, तर ॲपने अडवलं पाहिजे. आणि वॉचमनला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी अक्षरं मराठीत हवीत. हा शेवटचा धडा कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

मग कोणतं फ्रेमवर्क?

जावास्क्रिप्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह. पाटी कोरी असेल तर फ्लटर, त्यासाठी डार्ट ही भाषा शिकावी लागते. फक्त अँड्रॉइडवर काम करायचं असेल तर कोटलिन. आधी भाषेची तोंडओळख : व्हेरिएबल, लूप, फंक्शन, लिस्ट. मग लगेच पहिला स्क्रीन. अडेल तिथे त्या फ्रेमवर्कचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायचं. एआयने लिहून दिलेला कोड जरूर वापरावा, पण प्रत्येक ओळ काय करते हे सांगता आलं पाहिजे. आणि ॲप पूर्ण होईपर्यंत फ्रेमवर्क बदलायचं नाही.

पालकांसाठी हिशेब

ही फ्रेमवर्क्स फुकट आहेत. खर्च लॅपटॉपचा, त्यात १६ जीबी रॅम असेल तर काम सुखाने होतं. प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच, २५ डॉलर. ॲपलची दर वर्षी ९९ डॉलर आणि वर मॅक लागतो, म्हणून सुरुवात अँड्रॉइडपासून करावी. प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे १२ जण सोसायटीतच मिळतील.

क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेलं, प्ले स्टोअरवर असलेलं ॲप मागून बघा. सगळ्यांचं ॲप सारखंच निघालं, तर शिकवणी नकलेची आहे असं समजा.

घरी मात्र ‘किती शिकून झालं?’ असं विचारू नका. ‘या आठवड्यात ॲप कुणी वापरलं, आणि ते कुठे अडलं?’ असं विचारा. नोकरीची मुलाखत घ्यायला बसलेला माणूसही साधारण हेच विचारतो. ज्याच्याकडे वॉचमनच्या तक्रारी आणि त्यांवर केलेल्या दुरुस्त्या आहेत, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही.