नातवंडांचे रक्त, आजोबांचे गुडघे आणि घरामागची सांदवाडी

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. सडक अर्जुनी तालुक्यात भाताला तोटा नाही. पण नुसत्या भाताने रक्त वाढत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या सुमारे 67 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. दवाखान्यात मला दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. आई म्हणते, "पोरगा भाजीला हात लावत नाही." आजोबा म्हणतात, "बसून बसून गुडघे धरले." दोन्ही तक्रारींना उपयोगी पडणारी गोष्ट घरामागेच आहे, ती म्हणजे सांदवाडी. ती आजी-आजोबा आणि नातवंडांनी मिळून करावी, असे मी सुचवितो.

वडीलधाऱ्यांना लाभ

65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रम करावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सकाळी अर्धा तास वाफ्यात काम केले तर पाच दिवसांत तेवढे श्रम होतात. चालणे, पाणी घालणे, माती भुसभुशीत करणे यांनी पायांत ताकद राहते व तोल सांभाळता येतो. सोबत नातू असला म्हणजे कामाचा कंटाळा येत नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी उकिडवे बसू नये, उंच पाटावर बसून निंदण करावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी वाकून एकदम उठू नये. मधुमेहींनी अनवाणी जाऊ नये व काम झाल्यावर तळपाय तपासावेत.

मुलांना लाभ

मुलाने स्वतः लावलेली बरबटी तो आवडीने चाखून पाहतो, असा माझा अनुभव आहे. मुनग्याचा पाला, लाल भाजी, आंबाडी यांत लोह असते. मात्र पालेभाजीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणासोबत चहा देऊ नये.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. मूल फिके दिसते, वारंवार सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, तर भाजीवर भिस्त न ठेवता आधी रक्त तपासून घ्या. रक्तक्षयाचे कारण कळल्याशिवाय लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका. सिकलसेलच्या मुलाला उन्हात राबवू नका, पाणी भरपूर पाजा.

काय व केव्हा लावावे?

पहिल्या पावसानंतर बरबटी, भेंडी, दोडका, आंबाडी लावावी. मुनग्याची फांदी कोपऱ्यात खोचावी. धान निघाल्यावर पालक, मेथी, सांबार यांचे लहान वाफे करावेत. भांडी धुतलेले, साबण नसलेले पाणी वाफ्याकडे वळवावे. धानावर फवारून उरलेले औषध सांदवाडीत कधीही मारू नये. त्याऐवजी 50 ग्रॅम निंबोळीचे चूर्ण 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावे.

काळजी

मातीतून जंत होतात. म्हणून पायात चप्पल, कापलेली नखे आणि साबणाने धुतलेले हात हवेत. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. धनुर्वाताची लस मुलांनी व मोठ्यांनीही वेळेवर घ्यावी. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. थेट रुग्णालय गाठावे.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा फवारणीच्या भाजीविषयी त्यांच्या मनात शंका आली आणि त्या गावरान बियाण्यांकडे वळल्या, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्यांनी परसबागांचा प्रसार केला. 2020 सालच्या पद्मश्रीच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते.

आपल्याकडेही कोणते बी केव्हा पेरावे, डांगराचे बी राखेत कसे ठेवावे, हे आजीलाच ठाऊक असते. हे ज्ञान पुस्तकात शोधण्यापेक्षा तिच्या हाताखाली शिकणे सोपे आहे. तेव्हा वाचकहो, या रविवारी घरामागची दोन हात जागा मोकळी करा. बी आजीने निवडावे आणि पाणी नातवाने घालावे.