‘.हापूस’साठी अर्ज कसा करावा

पत्त्याच्या शेवटच्या टिंबानंतर जिथे ‘कॉम’ किंवा ‘भारत’ येतं, तिथे ‘हापूस’ यावं असं रत्नागिरीच्या मांडवीतल्या बागायतदारांच्या एखाद्या संस्थेने ठरवलं, तर वाट खुली आहे. ही जागा आयकॅन ही जागतिक संस्था देते, पण बारमाही नव्हे. 2012 च्या फेरीत 1,930 अर्ज आले होते. त्यांतले 31 एकट्या रॅडिक्सचे होते. मुंबईत उभ्या राहिलेल्या डायरेक्टी समूहाची ही कंपनी आज ‘.ऑनलाइन’, ‘.स्टोअर’, ‘.टेक’ चालवते. त्यानंतरच्या फेरीची मुदत 30 एप्रिल ते 12 ऑगस्ट 2026 अशी आहे. ही फेरी गाठायची असो की पुढची, तयारी तीच.

अर्जाआधी एक स्वस्त काम उरकून घ्या. देवनागरी ‘.भारत’ 27 ऑगस्ट 2014 पासून मिळतं आणि एक नाव काही शे रुपयांत घेता येतं. तिथे आपलं नाव घ्या, त्यावर वर्षभर माल विका. देवनागरी पत्ता गिऱ्हाईक टाइप करतं का, त्या पत्त्यावरचा ईमेल बँकेचा फॉर्म स्वीकारतो का, हे तिथेच कळतं. अजूनही बरेच फॉर्म तो नाकारतात. स्वतःचं ‘.हापूस’ घेतलं म्हणून ही अडचण टळत नाही.

मग शब्द ठरवा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. अक्षरांचे नियम कडक आहेत: आकडा नाही, जोडरेघ नाही, फक्त अक्षरं. संगणकाच्या लेखी ‘हापूस’ आणि ‘हापुस’ हे दोन निराळे शब्द, त्यामुळे शुद्धलेखन आधी पक्कं करा. गावाचं नाव घ्यायचा मोह होईल, पण मांडवी कच्छात आहे, सुरत जिल्ह्यात आहे, मुंबईत मस्जिद बंदरालाही आहे. शिवाय शहराचं नाव त्या शहरासाठीच वापरायचं म्हटलं की संबंधित सरकारी यंत्रणेचं संमतिपत्र लागतं. 2012 मध्ये ‘.टाटा’चा अर्ज मोरोक्कोतल्या टाटा प्रांताच्या नावामुळे अडकला होता, तो सुटायला बराच काळ गेला.

‘हापूस’चा पेच वेगळा. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. एकट्या रत्नागिरीने अर्ज टाकला तर देवगडवाले हरकत घेणारच, आणि ती रास्त असेल. असा सर्वसामान्य शब्द एखाद्या व्यापाऱ्याला केवळ स्वतःपुरता राखून ठेवण्याचीही मुभा नाही. म्हणून ‘समुदायाचा अर्ज’ हा प्रकार निवडा. तोच शब्द दुसऱ्या कुणी मागितला, तर समुदायाचं नातं भक्कम ठरल्यावर अशा अर्जाला प्राधान्य मिळतं. नाहीतर गाठ लिलावाशी. समुदायाचं नातं दाखवायला बागायतदार संघांची आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पत्रं हाती असावीत. नाव कुणाला द्यायचं, कर्नाटकी आंबा त्या नावाखाली विकणाऱ्याचं काय करायचं, हे नियमही आधीच लिहून काढा.

अर्ज व्यक्तीला करता येत नाही, नोंदणीकृत संस्था किंवा कंपनीच लागते. पदाधिकाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. शुल्क 2,27,000 डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या घरात. अर्ज मागे घेतला तर टप्प्यानुसार काही भाग परत मिळतो. जितका उशीर, तितका कमी.

सर्व्हर स्वतः उभारायच्या भानगडीत पडू नका. नावांची नोंद ठेवणं, सुरक्षित स्वाक्षऱ्या, नोंदींची राखीव प्रत तिसऱ्याकडे ठेवणं ही कामं आयकॅनने तपासून मान्य केलेल्या तांत्रिक कंपन्या करतात. त्यांतली एक निवडून तिच्याशी करार करा.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकती येतात आणि सरकारांकडून इशारेही येऊ शकतात. त्यांना कागदानिशी उत्तर द्या. मंजुरी मिळाली की 10 वर्षांचा करार होतो आणि मग सगळ्यात जड बाब सुरू होते: दरवर्षी आयकॅनचे सुमारे 25 हजार डॉलर, वर तांत्रिक कंपनीचं बिल. नावं खुली करताना ट्रेडमार्कधारकांना किमान 30 दिवस आधी संधी द्यावी लागते.

हिशेब उघड आहे. पाच जिल्ह्यांतले बागायतदार, त्यांचे संघ आणि विद्यापीठ एकत्र आले तर हा खर्च पेलेल. एकट्या तालुक्याला नाही. तेव्हा आंब्याचा हंगाम संपला की पहिली बैठक बोलवा, आणि देवगडकरांना पहिलं आमंत्रण पाठवा.