अखंड सूर

पेण-रोह्याकडील मुलुखात लग्न असो की शिमगा, खालूबाजाशिवाय त्याला रंग चढत नाही. ढोल, टिमकी, झांज आणि सनई मिळून हा बाजा होतो. मुलांना ढोलाचा दणका आधी आवडतो. पण खरी अवघड विद्या सनईवाल्याची!

सनईचा वस्ताद नव्या शिष्याला लगेच गाणे शिकवीत नाही. तो त्याला आधी सूर धरावयास बसवितो. एकच स्वर, पण त्यात खंड पडता कामा नये. मग श्वास केव्हा घ्यावयाचा? वादक गालांत हवा साठवितो; ती गालांनी दाबून सनईत सोडीत असतानाच नाकाने चटकन नवा श्वास घेतो. पेल्यातील पाण्यात पोकळ काडी बुडवून फुंकावे आणि बुडबुडे थांबू देऊ नयेत, म्हणजे ही युक्ती किती कठीण आहे ते कळते.

तुर्कस्तानातील झुर्ना व चीनमधील सुओना ही सनईचीच भावंडे. त्यांचे वादकही असाच श्वास घेतात. पालघरकडील तारपा भोपळ्याचा, तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा डिजेरिडू वाळवीने पोखरलेल्या खोडाचा. पण तेथेही गाल असेच फुगलेले दिसतात.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. २००१ साली भारतरत्न ठरलेले बिस्मिल्ला खाँ लहानपणी काशीत आपले मामा अली बक्ष यांच्याजवळ बसूनच ती शिकले. आता लग्नमंडपांत ध्वनिमुद्रित गाणी वाजू लागली आहेत, आणि वस्तादाशेजारी सूर धरून बसणारी मुले विरळ झाली आहेत.