एकट्या मुलाचा विमानप्रवास : नियम व पूर्वतयारी



आपल्या बीड जिल्ह्यात उतारूंच्या नित्य वाहतुकीचा विमानतळ नाही. परळी वैजनाथास आगगाडीची शिटी फार पूर्वीपासून ऐकू येत असे, तथापि बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली गाडी निघाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जेथे आगगाडीच काल आली, तेथे विमानाचे नियम शिकून काय करावयाचे, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येईल.

ह्याचे उत्तर आपल्या घराघरांतच आहे. पोटासाठी, नोकरीसाठी व विद्येसाठी आपल्या जिल्ह्यातील माणूस दूरवर गेला आहे. कोणाचा मामा बंगळुरास असतो, तर कोणाची आत्या दिल्लीस. सुट्टी लागली की भाच्यास बोलावणे येते. परंतु आईवडिलांस शेतीची कामे टाकून वा रजा काढून बरोबर जाता येत नाही. अशा वेळी दहा वर्षांचे मूल एकटेच विमानाने धाडावे की न धाडावे, आणि धाडावयाचे तर कोणत्या बंदोबस्ताने, हा विचार आज अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. त्याची उत्तरे आयत्या वेळी विमानतळाच्या दारात शोधण्यापेक्षा घरी बसून शोधलेली बरी.

१. हवाली करण्याची रीत

मुलास एकटे पाठविणे ही गोष्ट आपणांस मुळीच नवी नाही. एस्. टी.च्या गाडीत मुलास बसवून, "एवढ्यास गेवराईस उतरवा, त्याचे आजोबा स्थानकावर येतील," असे वाहकास सांगणारे वडील कोणी पाहिले नाहीत? तेथे कागद नसतो की सही नसते. वाहकाचा शब्द व शेजारच्या उतारूंची नजर हाच बंदोबस्त. गाव ओळखीचे व रस्ता पायाखालचा असतो, म्हणून ही रीत चालते. विमानात मात्र देणारा, नेणारा व घेणारा हे तिघेही एकमेकांस अनोळखी असतात. ओळख नसते तेथे लेख लागतो, आणि विमान कंपन्यांचे बहुतेक नियम ह्या एकाच विचारातून निघाले आहेत.

आपल्या देशात विमानाचा आरंभ टपालापासून झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीस पत्रांची थैली नेली. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर, टपालाचे विमान स्वतः चालवून आणले. पत्र कोणी दिले, कोणी नेले व कोणास पोचले ह्याची नोंद ठेवणे हा टपालाचा धर्म आहे.

तेव्हा मूलही टपालाप्रमाणे पाठविता येईल की काय? अमेरिकेत एका कुटुंबाने खरोखरच तसे केले होते. १९१४ च्या फेब्रुवारीत आयडाहो प्रांतातील पाच वर्षांच्या एका मुलीच्या कोटावर ५३ सेंटांची तिकिटे चिकटवून तिला टपालाच्या डब्यातून आजीकडे लुइस्टन गावी पोचविण्यात आले. डब्यावरील टपाल कारकून तिचा नातलगच होता, म्हणून ती सुखरूप पोचली. पुढे टपालखात्याने माणसांची अशी पाठवणी बंद केली. मूल म्हणजे पुडके नव्हे. त्यास भूक लागते, भीती वाटते, आणि मुख्य म्हणजे त्यास बोलता येते. म्हणून मुलाच्या प्रवासास टपालाची काटेकोर नोंद पाहिजे, आणि एस्. टी.च्या वाहकाची मायेची नजरही पाहिजे.

२. नियम कोणते?

भारतातील प्रमुख विमान कंपन्यांचे नियम थोड्याफार फरकाने असे आहेत. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलास एकटे नेत नाहीत. पाच वर्षे पूर्ण झालेले परंतु बारा वर्षांच्या आतील मूल एकटे जात असेल, तर कंपनीची विशेष देखरेखीची सेवा घ्यावीच लागते व तिचे शुल्क तिकिटाहून निराळे पडते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास नियमापुरते मोठ्या उतारूप्रमाणे वागविले जाते. त्याच्यासाठी अशी सेवा हवी असल्यास ती मिळते किंवा नाही, हे कंपनीस आधी विचारावे.

ही सेवा आयत्या वेळी मागून मिळत नाही. एका विमानात अशी किती मुले घ्यावयाची ह्याला मर्यादा असते, म्हणून आगाऊ कळवावे लागते. मध्ये विमान बदलावे लागेल असा प्रवास अशा मुलांसाठी बहुधा मान्य होत नाही. मान्य होत असला तरी शहाण्या पालकाने तो टाळावा व थेट जाणारे विमान निवडावे.

पोचवावयास येणाऱ्याने एक पत्रक भरून द्यावयाचे असते. त्यात मुलाचे नाव व वय, पोचविणाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी, आणि पलीकडे घ्यावयास येणाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी लिहावे लागतात. मग कंपनीचा सेवक मुलास आपल्या ताब्यात घेतो, सुरक्षा तपासणीतून नेतो व विमानातील सेविकांच्या स्वाधीन करतो. उतरल्यावर दुसरा सेवक त्यास बाहेर आणतो व पत्रकात ज्याचे नाव असेल त्याचेच ओळखपत्र पाहून, सही घेऊन, मूल त्याच्या हाती देतो. मामाचे नाव लिहिले असता मामी आली, तर ती सख्खी असली तरी अडचण उभी राहते. हा जाच नव्हे. ह्याच कडकपणामुळे परका मनुष्य "मी मामा" म्हणून मुलास नेऊ शकत नाही.

पोचविणाऱ्याने विमान आकाशात जाईपर्यंत विमानतळ सोडू नये, असाही नियम आहे. त्याचे कारण उघड आहे. हवा बिघडून वा यंत्रात दोष निघून उड्डाण रद्द झाले, तर मूल परत कोणाच्या हाती द्यावयाचे?

जाता जाता आणखी एक नियम सांगतो. आईवडील बरोबर असतानाही मुलांस दूरच्या आसनावर बसविल्याच्या तक्रारी होत असत. त्यावरून एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांस आज्ञा केली की, एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलास आई, वडील वा पालक ह्यांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी.

३. दोन उदाहरणे

नियम पाळले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. २०२० साली महामारीमुळे २५ मार्चपासून देशांतर्गत विमाने बंद झाली. आजीआजोबांकडे दिल्लीस गेलेला पाच वर्षांचा एक मुलगा तेथेच अडकला. आई बंगळुरास होती. २५ मे रोजी विमाने पुन्हा सुरू झाली, त्याच दिवशी तो एकटा दिल्लीहून बंगळुरास आला व सुमारे तीन महिन्यांनी आईस भेटला. ज्या काळी मोठी माणसेही घराबाहेर पडावयास भीत होती, त्या काळी पाच वर्षांचे मूल हातोहात पोचले, ते त्या पत्रकाच्या व सह्यांच्या बळावर.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा फिलाडेल्फियाहून आजीकडे फोर्ट मायर्स ह्या गावी निघाला. सेवकांच्या चुकीने त्यास भलत्याच विमानात बसविले गेले व तो ऑर्लँडो येथे उतरला. इकडे आजी विमानाच्या दाराकडे डोळे लावून उभी होती आणि नातू काही उतरेना. त्या मुलाने उतरल्यावर आजीस दूरध्वनीवरून आपण पोचल्याचे कळविले, तेव्हा तो कोठे आहे ह्याचा उलगडा झाला.

ह्या दोहोंवरून काय शिकावयाचे? पत्रक आवश्यक आहे, परंतु पत्रक लिहिणारा व वाचणारा मनुष्यच असतो, आणि मनुष्य चुकतो. ती चूक पकडणारा सर्वांत जवळचा पहारेकरी म्हणजे ते मूल. म्हणून मुलाची तयारी ही कागदांच्या तयारीइतकीच महत्त्वाची आहे.

४. पालकांची तयारी

प्रथम विमानतळ निश्चित करावा. बीड शहरास छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सोईचा. आष्टीकडील लोकांस पुण्याचा लोहगाव विमानतळ बरा पडतो. देशांतर्गत उड्डाणासाठी दोन तास आधी पोचावे. सामान व तिकीट तपासणीची खिडकी साधारणतः एक तास आधी बंद होते. बीडहून संभाजीनगरची वाट सव्वाशे किलोमीटरांच्या घरातील आहे. ऊसवाहतुकीच्या दिवसांत ती किती वेळ घेईल ह्याचा नेम नाही, म्हणून हाताशी दोन तास अधिक ठेवून निघावे.

घ्यावयास येणाऱ्यास केवळ "मुंबईस येतो" असे कळवून भागत नाही. मुंबईच्या विमानतळास दोन निरनिराळ्या इमारती आहेत, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही वाहतुकीस खुला झाला आहे. विमानतळ, इमारत, उड्डाण क्रमांक व वेळ ही चारही लिहून कळवावीत.

मुलाजवळ आधारपत्र वा पासपोर्ट असावा व जन्मदाखल्याची प्रतही द्यावी. परदेशी जावयाचे असल्यास व्हिसा लागतो किंवा नाही व आईवडिलांचे संमतिपत्र कसे हवे, हे त्या देशाच्या नियमांप्रमाणे आधी पाहावे. अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, ह्यांत जे आधी येईल तोवरच चालतो. मुदत संपली नाही ना, हे तपासावे.

पत्रक बहुधा इंग्रजीत असते. ज्यांस ते वाचता येत नाही त्यांनी तेथील सेवकाकडून ते मोठ्याने वाचून व समजावून घ्यावे, मगच सही करावी. लेकरू हवाली करताना विचारण्याची लाज कसली?

सामान थोडे द्यावे. सोबतच्या पिशवीत एक जोडी कपडे, नेहमीचे औषध व खाऊ असावा; कात्री, चाकू मुळीच नको. प्रेमाने पुष्कळ दिले जाते, पण एक पदार्थ आवर्जून वगळावा, तो म्हणजे सुके खोबरे. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेण्याचा संभव असतो, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात गणले जाते. भ्रमणध्वनी भारण्याची विद्युत्‌पेटी, जिला पॉवर बँक म्हणतात, ती मोठ्या सामानात न टाकता हातातील पिशवीतच ठेवावी, असाही नियम आहे.

५. मुलांनो, तुमची तयारी

आपले पूर्ण नाव, आईवडिलांचे व घ्यावयास येणाऱ्याचे दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ करा. यंत्राची वीज संपते, पाठांतर संपत नाही. कोणत्या गावी जावयाचे ते पक्के ठेवा, आणि विमानाच्या दारात सेविकेस स्पष्ट विचारा, "ताई, हे विमान बंगळुरासच जाते ना?" हा उद्धटपणा नव्हे. ऑर्लँडोस उतरलेल्या मुलाची गोष्ट आठवा.

गणवेश व ओळखपत्र असलेल्या सेवकाबरोबरच चला. उतरल्यावर कोणी म्हणाले, "तुझ्या मामांनी मला धाडले आहे," तर सेवकाचा हात सोडू नका. घरातून निघताना आईवडिलांशी एक खुणेचा शब्द ठरवा. तो ज्यास ठाऊक नाही तो परका समजा. कोणी नकोसे वागल्यास मोठ्याने बोला. १०९८ हा संकटातील मुलांसाठी असलेला दूरध्वनी क्रमांक आहे, तोही पाठ असावा.

विमान चढताना व विशेषतः उतरताना कान दडपतात. त्याचे कारण असे. विमान सुमारे तीस ते अडतीस हजार फुटांवर उडते; तेथील हवा अति विरळ, म्हणून आत यंत्राने हवा दाबून भरतात. तरीही आतील दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतकाच असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच. तेव्हा आसनावर बसल्या बसल्या तुम्ही कळसूबाईहून उंच चढता व उतरता म्हणा ना! कानाच्या पडद्यामागील हवा घशाकडे जाणाऱ्या एका बारीक नळीने बाहेरच्या हवेशी जुळते. गिळले, चघळले वा जांभई दिली की ती नळी उघडते. म्हणून उतरताना गोळी चघळावी. भारी पडसे असता ती नळी सुजून बंद होते. तेव्हा वैद्यास विचारल्यावाचून निघू नये.

आसनावर असेतो पट्टा बांधलेला ठेवा. विमान हादरू लागले तर घाबरू नका, खाचखळग्यांतून एस्. टी. हादरते तसेच ते हवेच्या उंचसखल प्रवाहांतून हादरते. प्राणवायूचा मुखवटा खाली आला तर प्रथम आपला लावा, मग शेजाऱ्यास मदत करा. कारण जो स्वतःच बेशुद्ध होईल तो दुसऱ्यास काय वाचविणार?

असो. एकटे जाण्याची विद्या एका दिवसात येत नाही. आधी शेजारच्या गावी, मग तालुक्यास, मग जिल्ह्यास अशी ती पायरीपायरीने आणावी. आणि मूल मनातून तयार नसेल, तर तिकीट काढले म्हणून त्यास ढकलू नये. पुढल्या सुट्टीतही विमाने उडणारच आहेत. नियम काळाप्रमाणे बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी तिकीट काढण्यापूर्वी कंपनीकडे चौकशी करावी. परंतु ज्याच्या हाती मूल द्यावयाचे त्यास ओळखून द्यावे, आणि ज्यास द्यावयाचे त्या मुलासही सारे समजावून द्यावे, हा नियम बैलगाडीच्या काळी खरा होता व आजही खरा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पोचविणाऱ्याने विमान उडेपर्यंत विमानतळावर का थांबावे?
२. टपालाची थैली व मूल ह्यांच्या पाठवणीत साम्य कोणते व भेद कोणता?
३. उतरताना कान का दडपतात? उपाय सांगा.
४. आपल्या गावाहून जवळच्या विमानतळाचा मार्ग, अंतर व लागणारा वेळ घरी विचारून लिहा.
५. आईवडिलांचे दूरध्वनी क्रमांक न पाहता लिहून दाखवा.