खोकला झाला, फोन उघडला

प्रश्न : माझी मुलगी भुसावळच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कुणाला काही झालं की ती आधी फोनला विचारते, मग डॉक्टरांना. आजोबांचे रक्ताचे रिपोर्टसुद्धा तीच वाचून दाखवते. चीनमध्ये म्हणे कॉलेजच्या मुलांना इंटरनेटवरची आरोग्याची माहिती कितपत कळते, हे मोजतात. ते कसं? आपल्या मुलांनी काय शिकायला हवं? आणि जाता जाता, ‘आभा’ क्रमांक काढावा का?
— एक वाचक, दीपनगर

उत्तर : मोजतात हे खरं, पण पट्टी चीनची नाही, कॅनडाची आहे. कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वे स्किनर या संशोधकांनी २००६ मध्ये आठ विधानांची एक प्रश्नावली केली. आरोग्याची माहिती इंटरनेटवर कुठे मिळते ते मला ठाऊक आहे, त्यातली चांगली कुठली आणि टाकाऊ कुठली ते मला ओळखता येतं, अशा धाटणीची विधानं. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ४०. तिचा चिनी अनुवाद झाला आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत ती सर्रास वापरली जाते.

गोम अशी की हे गुण मुलं स्वतःच स्वतःला देतात. नेदरलँड्समध्ये २०११ साली संशोधकांनी लोकांना प्रत्यक्ष संगणकापुढे बसवून माहिती शोधायला लावली, तेव्हा प्रश्नावलीतले गुण आणि हातून झालेलं काम यांचा मेळ बसला नाही. या पट्टीवर मोजला जातो तो मुख्यतः आत्मविश्वास. तुमच्या मुलीला ४० पैकी ३६ मिळाले, तर मी काही निर्धास्त होणार नाही.

याचं सर्वांत विदारक उदाहरण चीनचंच आहे. शिआन शहरातला एक विद्यार्थी, तोही संगणकशास्त्राचा. त्याला दुर्मीळ कर्करोग झाला. घरच्यांनी बायडू या तिथल्या शोधयंत्रावर इलाज शोधला आणि अगदी वर आलेल्या, सरकारी दलाच्या नावाच्या रुग्णालयावर भरवसा ठेवला. वरची ती जागा पैसे भरून मिळवलेली होती. दोन लाख युआनच्या वर, म्हणजे त्या वेळचे वीसेक लाख रुपये गेले. एप्रिल २०१६ मध्ये तो गेला, वय २१. नंतर चौकशी झाली आणि जाहिरात आहे तिथे तसं स्पष्ट लिहा, पानावर जाहिरातींचं प्रमाण ३० टक्क्यांवर जाऊ देऊ नका, असं सरकारने बायडूला बजावलं. संगणक येणं वेगळं आणि समोर आलेल्या माहितीचे पैसे कुणी भरलेत हे ओळखणं वेगळं.

आपल्याकडेही पहिल्या दोन-चार उत्तरांवर अनेकदा ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. तेवढं वाचायची सवय लागली तरी अर्धं काम झालं. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली, तर औषध चांगलं की वाईट या वादात पडूच नये. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ती जाहिरातच बेकायदा आहे.

आता आजोबांचा रिपोर्ट. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, एका आकड्यापुढे ठळक अक्षर किंवा बाण असतो, आणि घरात धावपळ सुरू. शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवलेली असते की शंभर निरोगी माणसांतले पंच्याण्णव तिच्या आत बसावेत. उरलेले पाच निरोगीच, पण बाहेर. त्यामुळे वीस तपासण्यांचं पॅकेज केलं की धडधाकट माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर निघण्याची शक्यता बरीच असते. मुलीला सांगा, तो आकडा फोनमध्ये टाकण्याआधी मागच्या वर्षीची फाईल काढ आणि दोन्ही शेजारी ठेव. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन गेल्या वर्षी होतं तेवढंच आहे की चढत चाललंय, यात डॉक्टरांना खरा रस असतो, आणि फोनला ती जुनी फाईल ठाऊक नसते.

फोनला आणखीही बरंच ठाऊक नसतं. ‘सुका खोकला’ टाकला की ॲलर्जीपासून कॅन्सरपर्यंत सगळं समोर येतं. हाच प्रश्न मराठीत विचारला तर हळद, आलं, मध यांचीच गर्दी जास्त. पण घर दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आहे का, वेल्हाळ्याच्या राखेच्या बंडाकडून वारा सुटला की त्रास वाढतो का, वडिलांची ड्यूटी कोळसा हाताळणीत होती का, हे तो आपण होऊन विचारेलच असं नाही. दवाखान्यात सांगायच्या गोष्टी मात्र नेमक्या याच. कागदावर लिहून नेल्या तर उत्तम. किती दिवस, रात्री की सकाळी, बेडका पडतो का, ताप येतो का, वजन उतरलंय का. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला तर शोधाशोध बंद करून क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

मुलांनी फोनला विचारूच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. डॉक्टरांकडून आल्यावर, चिठ्ठीतल्या गोळीचं नाव टाकून ती जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर चालत नाही, हे बघायला तो फार कामाचा. गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ असलेलं, चिठ्ठीवरच द्यायचं औषध मात्र त्याच्या सांगण्यावरून आणायचं नाही.

राहिला ‘आभा’. आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीचा हा १४ अंकी क्रमांक आहे, काढायला पैसे पडत नाहीत, सक्तीही नाही. त्याला जोडलेले रिपोर्ट एका ठिकाणी पाहता येतात आणि तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या डॉक्टरांना दिसत नाहीत. दिलेली संमती मागेही घेता येते. आजोबांसाठी जरूर काढा. फक्त पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं आणि हा क्रमांक वेगळा. ‘आभा काढलंय, आता ऑपरेशन फुकट’ अशा समजुतीत राहू नका. आणि नोंदणीच्या नावाखाली कुणी फोन करून ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवून द्या.